दातारबाईंचे शिकाऊ

दातारबाईंच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा हात धुवायला बेसिनपाशी उभा राहिलो आणि साबणदाणीत एक भलीमोठी दाढ दिसली. चांगली मुठीएवढी, मुळांसकट. वरचे खळगे, कंगोरे, सगळं जिथल्या तिथं. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "बाई, साबण कुठंय?"

"समोरच आहे. वापरा, चावत नाही."

दाढ हिरव्या रंगाची होती आणि तिला कडुनिंबाचा वास येत होता. मी जरा भीतभीतच ती हातावर फिरवली. जेवणं झाल्यावर निघताना बाईंनी माझ्या बायकोच्या हातात एक पिशवी दिली. आत आणखी दाढा होत्या, दोन सुळे होते आणि गुलाबी रंगाची एक पटाशी होती. "घेऊन जा," बाई म्हणाल्या, "नवीन बॅच आलीय. साबण फार झालाय."

बाईंची पटपडगंजला एका गल्लीत दातांची लॅब आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि बाई त्यावरून कवळ्या, दात, टोप्या करून देतात. तिथं नवीन शिकाऊ मुलगा किंवा मुलगी आली की पहिला महिना तिच्या हातात फक्त साबणाची वडी आणि कोरणी. बाईंचं म्हणणं असं, की ज्याला साबणात दाढ कोरता येत नाही त्याला मेणात येणार नाही, आणि ज्याला मेणात येत नाही त्यानं माणसाच्या तोंडाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. कोरलेला साबण टाकून देणं त्यांच्या सांगलीच्या स्वभावात बसत नाही. त्यामुळे मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत निम्म्या घरांच्या मोऱ्यांत बाईंच्या शिकाऊंचं काम विरघळत असतं. माझी मुलगी दिल्लीत वाढलेली. तिला उखळ माहीत नाही, शिंकाळं माहीत नाही. पण सुळा, दाढ, पटाशी हे शब्द ती अंघोळ करता करता शिकली.

आडनाव दातार आणि धंदा कवळ्यांचा, यावर विनोद करायचा मोह प्रत्येक मराठी माणसाला पहिल्या दोन मिनिटांत होतो. मलाही झाला होता. बाईंना ते ठाऊक असतं. त्या शांतपणे वाट बघतात. माणूस विनोद करायला तोंड उघडतो तेव्हा त्या विनोद ऐकतच नाहीत, तोंडाच्या आत बघतात. माझा विनोद संपल्यावर त्या म्हणाल्या, "खालची उजवी झिजलीय. रात्री दात खाता का?"

"बायको म्हणते खातो."

"मग साहेब बदला."

मी नोएडात एका आयटी कंपनीत ट्रेनिंग विभागात आहे. साहेब बदलणं माझ्या हातात नव्हतं, पण निदान चुकीचं नव्हतं.

बाई लग्नानंतर दिल्लीत आल्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. ते गेले तेव्हा सांगलीहून दिरानं, भावानं, सगळ्यांनी निरोप पाठवले की आता तिथं कोण आहे, परत ये. मूलबाळ नव्हतं. बाईंनी दातांच्या कामाचं शिक्षण लग्नाआधी मुंबईत घेतलं होतं. त्यांनी परत जाण्याऐवजी पटपडगंजला तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि पहिल्या दिवसापासून एक सोडून दोन शिकाऊ ठेवले. दोन का, असं मी विचारलं होतं. "एकटा शिकाऊ घाबरतो," बाई म्हणाल्या. "दोघं असले की एकमेकांना चुकीचं का होईना, शिकवतात."

शिकाऊ निवडायची त्यांची रीत वेगळी आहे. सर्टिफिकेट त्या बाजूला ठेवतात आणि उमेदवारापुढे एक उकडलेलं अंडं ठेवतात. सोल म्हणतात. सालाबरोबर पांढरं निघालं की चहा पाजून रवानगी. अख्खं गुळगुळीत अंडं सोलणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून बोलावतात. मुलाखतींच्या आठवड्यात लॅबमध्ये सगळ्यांना दुपारी अंडाकरी असते.

बाईंचं हिंदी इतक्या वर्षांनंतरही सांगली सोडून फार लांब आलेलं नाही. कामाच्या बाबतीत तर त्यांना मराठीच सुचतं. त्यांचा आवडता शब्द 'नीट'. नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी त्या सांगतात, "देखो, यहाँ सब नीट होना चाहिए." मग ते बिचारं पोर खाली मान घालून म्हणतं, "मॅडमजी, नीट का तो हमने फॉर्म ही नहीं भरा." त्याला वाटतं डॉक्टरकीची परीक्षा. दर वर्षी असं एकजण तरी म्हणतं. पण महिनाभरात पोरांच्याही तोंडी तोच शब्द बसतो. बाईंचा जुना शिकाऊ सतबीर याची आता गाझियाबादला स्वतःची लॅब आहे. मी एकदा तिथं गेलो होतो. हरियाणातला धिप्पाड गडी, हाताखालच्या दोन पोरांना सांगत होता, "जल्दी नहीं चाहिए, नीट चाहिए." त्याच्या पोरांनी बाईंना बघितलेलंही नव्हतं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चड्ढाजी यांचं प्लायवूडचं दुकान आहे. बाईंनी धंद्याची अक्कल शिकावी अशी त्यांची मनापासून इच्छा. संध्याकाळी बागेतल्या बाकावर ते समजावतात, "बहनजी, आप सिखाती हो, वो उड़ जाता है. रेडीमेड कारीगर रखो ना."

"चड्ढाजी," बाई म्हणतात, "रेडीमेड आदमी दूसरे की गलतियाँ लेके आता है. शिकाऊ मेरी गलतियाँ सीखता है. वो मैं दूर से पहचानती हूँ."

'शिकाऊ' हे कुठल्यातरी बिरादरीचं नाव असावं अशी चड्ढाजींची बरेच दिवस समजूत होती.

बाईंच्या हाताखालून जी मुलं गेली त्यांतली फरहीन मला जास्त ठाऊक. ती जवळच त्रिलोकपुरीत राहते. वडील बेकरीत कामाला. बारावी झाली, लग्नसराईत मेंदी काढायची, आणि तिच्या मामानं तिला बाईंकडे आणून सोडलं. तिनं अंडं असं सोललं, की बाईंनी ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि कोणाला खाऊ दिलं नाही, फ्रीजमध्ये ठेवून दिलं.

फरहीनला एकच खोड. प्रत्येक गोष्टीला 'क्यों'. साच्यात प्लास्टर ओतताना बाई नेहमी डाव्या बाजूनं सुरुवात करायच्या. फरहीननं विचारलं, बाएँ से क्यों? बाई म्हणाल्या, असंच असतं. "लेकिन क्यों, मॅडमजी?" बाईंना उत्तर येईना.  दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः डावीकडून, उजवीकडून, मागून असे कितीतरी साचे ओतून बघितले. मागून ओतलं तर हवेचे बुडबुडे राहत नाहीत, असं निघालं. संध्याकाळी बाकावर त्या मला म्हणाल्या, "माझ्या सरांनी डावीकडून ओतलं, म्हणून मी ओतत होते. सर डावखुरे होते हो." हे सांगताना त्यांच्या आवाजात शरम अजिबात नव्हती. पोरगी बोर्डात आल्यावर आया जशा सांगतात, तसं सांगत होत्या.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळानं इकडच्या छोट्या व्यावसायिकांचा एक मेळावा घेतला. कोपर्निकस मार्गावर एका जुन्या सरकारी इमारतीतला हॉल मिळाला होता. केटरिंगवाले, प्रिंटिंगवाले, यूपीएससीच्या मुलांसाठी मेस चालवणारं एक जोडपं, अशी मंडळी. 'छोट्या धंद्यात शिकाऊ ठेवण्याचे फायदे' या विषयावर बाईंनी बोलावं असं मी सुचवलं आणि मीच त्यांना गाडीतून घेऊन गेलो.

बाई मास्क लावून बोलल्या. हवा इतकी खराब होती की हॉलमध्येही धुरकट दिसत होतं, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. सुरुवातीला त्यांनी पहिल्या रांगेतल्या केटरिंगवाल्यांना, तुमचा वरचा एक दात हलतोय, तो दाखवून घ्या, असं सांगितलं. मग विषयावर आल्या.

"शिकाऊ ठेवला की पहिला फायदा म्हणजे आपण नीट वागतो," त्या म्हणाल्या. "कोणीतरी बघत असतं ना. दुसरा, तो विचारतो, म्हणून आपलं डोकं गंजत नाही. तिसरा मला आठवत नाही, मी लिहून आणलेलं नाही."

एका प्रिंटिंगवाल्यांनी चड्ढाजींचाच प्रश्न विचारला. शिकून निघून गेले तर आपल्याला काय मिळालं?

 बाईंनी सतबीरची गोष्ट सांगितली. एका लग्नसराईत त्यांच्या लॅबमधली दात भाजायची भट्टी बंद पडली. डॉक्टरांना शब्द दिलेला, पेशंट वाट बघतायत, त्यात एक नवरीचा बाप बिनदाताचा. बाईंनी कोणाला कळवलं नव्हतं. लॅबमधल्याच कोणीतरी सतबीरला फोन केला असावा. तो टेम्पो घेऊन आला, सगळे साचे भरून गाझियाबादला घेऊन गेला आणि स्वतःचं काम बाजूला ठेवून बाईंचं काम आधी भाजून दिलं. "आता तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या, "माझी लॅब पटपडगंजला आहे का गाझियाबादपर्यंत आहे? गेलेला शिकाऊ जातो कुठं? आपलंच काम चार गल्ल्या पुढे जातं." बोलताना त्यांची मान ताठ झाली होती. टाळ्या चांगल्या पडल्या. मीही जोरात वाजवल्या, जणू भट्टी माझीच होती.

नंतर जेवण होतं. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. बाई म्हणाल्या मला भूक नाही, मी गाडीत बसते. मला ते पटलं नाही. मी ताट वाढून घेऊन गाडीपाशी गेलो आणि आग्रह करायला लागलो. बाईंनी आजूबाजूला बघितलं आणि मास्क खाली केला.

वरचे दात नव्हते. एकही नाही. वरचा ओठ आत गेला होता आणि बाई एकदम माझ्या आजीएवढ्या दिसायला लागल्या.

"हिरड्या गेल्या," त्या म्हणाल्या. "एकेक करत काढावे लागले. तुमच्या दिल्लीच्या हवेचे उपकार, मास्क का लावलाय असं कोणी विचारत नाही." मग त्यांनी ताट मांडीवर घेतलं आणि श्रीखंड खाल्लं. पुऱ्या मला परत दिल्या.

मी विचारलं, अहो, तुमच्या स्वतःच्या लॅबमध्ये...

"स्वतःचे स्वतः नाही करता येत. जबडा दिसतो, हसू दिसत नाही. आपलं हसू आपल्याला ठाऊक नसतं."

"मग मुलं करतील की."

 शिकाऊंनी आपल्याला असं बघायला नको, एवढंच बाईंनी सांगितलं. गेले कित्येक महिने त्या लॅबमध्ये आतल्या खोलीत दार लोटून एकट्या जेवत होत्या. आधी सगळ्यांबरोबर बसायच्या. मुलांना वाटत होतं, मॅडमजी कशावरून तरी रागावल्या आहेत. दुसऱ्या लॅबमधून करून घ्या म्हटलं तर त्या म्हणाल्या, "परक्या लॅबचे दात माझ्या तोंडात?"

"लोकांना काय कळणार आहे?"

"मला कळेल ना."

यातून बाईंनीच वाट काढली. लक्ष्मीनगरचे एक म्हातारे डॉक्टर त्यांच्या ओळखीचे. त्यांनी माप घ्यायचं आणि दुसऱ्याच पेशंटच्या नावानं बाईंच्याच लॅबला पाठवायचं. शिकाऊ नेहमीसारखं काम करतील, कोणाला काही कळणार नाही. उन्हाळा लागता लागता मी त्यांना तिथं घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, नाव काय घालू? बाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "सुमन केळकर."

सुमन केळकर ही माझी आई. पुण्याला असते, शहात्तरीतही अख्खी बत्तीशी शाबूत आहे आणि भेटेल त्याला ती ते सांगते. तिला हे कळलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं.

पुढच्या शनिवारी मी लॅबमध्ये गेलो. बाई बँकेत गेल्या होत्या. फरहीन खिडकीपाशी मेणात दात बसवत होती. आता ती शिकाऊ राहिली नव्हती. अवघड कामं बाई तिच्याकडेच द्यायच्या. तिनं मान वर न करताच विचारलं, "भैया, ये आपकी अम्मी का केस है ना? सुमनजी?"

"हाँ."

"वो तो पुणे रहती हैं ना?"

"आजकल यहीं आई हुई हैं."

"अच्छा." तिनं मेणाचा एक पापुद्रा खरवडला. "अम्मी हँसती हैं तो सामने के दो दाँतों में ज़रा-सी फाँक दिखती है क्या?"

मी गडबडलो. आईच्या दातांत फट आहे की नाही हे मला खरोखरच आठवेना, आणि इथं तर आईचा प्रश्नच नव्हता. "मुझे याद नहीं," मी म्हणालो.

"मुझे याद है," फरहीन म्हणाली.

तिनं माझ्या आईला कधी पाहिलेलं नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती कामात होती. बारीक सुरीच्या टोकानं तिनं पुढचे दोन दात अगदी केसभर बाजूला सरकवले, साचा उजेडात धरला, पुन्हा एक दात किंचित मागे घेतला. शेजारी बसलेला नवा मुलगा बघत होता. तो काही विचारणार, तेवढ्यात ती त्याला म्हणाली, "बाद में बताऊँगी." मग मला म्हणाली, "अम्मीजी से कहना, शुरू में नरम खाना खाएँ. और अकेले बैठ के न खाएँ. सबके साथ बैठेंगी तो आदत जल्दी पड़ेगी."

मी हो म्हणालो आणि बाहेर पडलो. बाईंना यातलं काही सांगितलं नाही.

मेणाची कवळी तोंडात बसवून बघायची असते, मगच ती पक्की करतात. त्या दिवशी डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी मी उभा होतो. डॉक्टरांनी ती बसवली, ओठ बाजूला करून बघितलं आणि ते नाराजीनं म्हणाले, "दातारजी, आपकी लैब ने बीच में गैप छोड़ दिया है. मैंने तो लिखा नहीं था. वापस भेज दूँ?"

बाईंनी हातातला आरसा जवळ घेतला. त्या आधी नुसत्या बघत राहिल्या. मग थोडंसं हसून बघितलं, जसं आपण परक्या माणसाकडे बघून हसतो. मग आरसा खाली ठेवला.

"रहने दो," त्या म्हणाल्या.

परत निघालो. अक्षरधामच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी खिडकीची काच खाली केली, वारा घेतला आणि पुन्हा वर केली. 

मे महिन्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून येत होतो. फाटकाशी ककडीवाल्याची गाडी उभी होती. बाई बागेतल्या बाकावर बसलेल्या, तोंडाला मास्क नाही, आणि हातात लिंबू-मीठ लावलेल्या लांब ककड्या. चड्ढाजी शेजारी होते.

"सुना है वो लड़की भी जा रही है," चड्ढाजी म्हणत होते. "फरहीन. देखा, मैं कहता था ना."

"जा रही है," बाई म्हणाल्या. "शाहदरा में जगह ली है. मैं ही देखके आयी. पानी अच्छा है, उजाला अच्छा है."

चड्ढाजींनी हात जोडले आणि फेरी मारायला निघून गेले. मी त्यांच्या जागी बसलो. बाईंनी एक ककडी माझ्या हातात दिली.

"कवळीला ककडी चालते?" मी विचारलं.

"पेशंटला नाही चालत. मला चालते." त्यांनी एक तुकडा मोडून दाढेखाली धरला. कडकन आवाज झाला. "आज दुपारी सगळ्यांबरोबर जेवले. फरहीननं तिच्या घरची बिर्याणी आणली होती. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. इतकं ठरवून न बघणं बरं का, की मला हसू आवरेना."

"तिला सांगितलंत?"

"काय?"

"तुम्हाला कळलंय म्हणून."

"वेडे आहात का तुम्ही. तिनं इतकं जपून केलंय. मला कळलं हे तिला कळलं तर उगीच अवघडेल." बाईंनी ककडीचा आणखी एक तुकडा मोडला. "तुम्हाला सांगते, यजमान गेल्यावर मला वाटायचं, आता आपल्याकडे बघणारं इथं कोणी नाही. मी पोरांचे हात बघते, पोरं खाली मान घालून काम बघतात. तसंच पाहिजे. कामाच्या जागी आणखी काय असतं. पण ही पोरगी मान वर करून बघत होती हो. मी कधी हसले असेन कोण जाणे. तिनं बघून ठेवलं."

मी विचारलं, "काम कसं झालंय?"

"वरचा डावा सुळा अर्धा धागा बाहेर आहे," बाई म्हणाल्या. "बाकी माझ्यापेक्षा चांगलं."

आणि त्या हसल्या. उतरतं ऊन होतं, समोरून पडलेलं. पुढच्या दोन दातांमधली ती बारीक फट मला स्पष्ट दिसली. इतकी वर्षं शेजारी राहून मी ती पहिल्यांदाच बघत होतो.